ट्रॉलीची जोडणी : भार कोठे असावा, हुक कसा असावा

शेतीमालाच्या वाहतुकीत ट्रॅक्टर व ट्रॉली यांनी बैलगाडीची जागा आता पुष्कळ ठिकाणी घेतली आहे. ट्रॅक्टर घेताना शेतकरी त्याची अश्वशक्ती, डिझेलचा खर्च आणि किंमत यांची बारकाईने चौकशी करतो. परंतु ज्या एका हुकाच्या व पिनेच्या आधारावर तीन-चार टनांचा बोजा ट्रॅक्टरच्या मागे चालतो, त्या जोडणीचा विचार क्वचितच केला जातो. वास्तविक ट्रॅक्टरचे सुकाणू हाती राहणार की नाही आणि चढावर पुढची चाके जमिनीवर टेकलेली राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी या जोडणीवरच अवलंबून असते.

अलीकडे गावोगावच्या बैठकांत काही तरुण शेतकरी एक प्रश्न विचारू लागले आहेत. परदेशात ट्रेलर जोडण्यासाठी भार वाटून देणारा आणि ट्रेलरचे हेलकावे रोखणारा एक खास जोड वापरतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असते. "असा जोड आमच्या ट्रॉलीला बसवता येईल काय?" असे ते विचारतात. प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे जोड कोणत्या दोषावर उपाय म्हणून निघाले, ते समजून घेतले पाहिजे.

बैलगाडीने शिकविलेला नियम

ज्याने बैलगाडी हाकली आहे, त्यास हा दोष नव्याने सांगावयास नको. गाडी भरताना माल आखाच्या मागे जास्त गेला, तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो आणि चाल बिघडते. उलटपक्षी माल पुढे जास्त आला, तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो व जनावर चढावर बसते. म्हणून जाणता गाडीवान माल भरून झाल्यावर जू हाताने उचलून पाहतो. थोडा भार हातास लागला म्हणजे गाडी बरोबर भरली, असे तो समजतो.

दोन चाकांची ट्रॉली ही या बाबतीत बैलगाडीच होय. तिचा आख एकच असतो. भाराचा काही हिस्सा आखावर व उरलेला हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. फरक एवढाच की, बैलाची मान दुखते तेव्हा तो थांबतो. ट्रॅक्टर थांबत नाही. दोष कळतो तो अपघाताच्या वेळी.

ओढ्याच्या चढावरचा एक प्रसंग

नाशिक जिल्ह्यातील एका गावी घडलेला प्रसंग येथे सांगणे उपयुक्त होईल. कांद्याची ६० पोती, म्हणजे सुमारे ३,००० किलो माल, दोन चाकांच्या ट्रॉलीत भरून एक तरुण शेतकरी बाजारास निघाला होता. ट्रॉलीचा मागचा फाळका मोडलेला असल्याने पोती खाली पडू नयेत म्हणून ती पुढच्या बाजूस रचली होती. हुकही ट्रॅक्टरच्या मूळ जागी नव्हता. ट्रॉलीची दांडी उंच असल्याने तो गावच्या वर्कशॉपमध्ये वर बसवून घेतलेला होता.

ओढा ओलांडून चढ लागला आणि ट्रॅक्टरची पुढची चाके वीतभर वर उचलली गेली. त्या तरुणाने प्रसंगावधान राखून क्लच दाबला, म्हणून चाके पुन्हा जमिनीस लागली. मडगार्डवर बसलेला त्याचा धाकटा भाऊ खाली उडी मारून बाजूस झाला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु क्लच दाबण्यास क्षणाचा उशीर झाला असता, तर त्या घरावर कोणता प्रसंग ओढवला असता, हे सांगावयास नको.

मी त्या वेळी शिवारफेरीवर तेथेच होतो. ट्रॅक्टरच्या पुढे लोखंडी वजने लावावीत, असे मी लगेच सुचविले. त्या तरुणाचे आजोबा मात्र ट्रॉलीकडे पाहत उभे होते. ते म्हणाले, "साहेब, वजने लावा, पण अगोदर पोती मागे घ्या. गाडी धुरेवर जड झाली आहे. बैल असते तर इथंच बसले असते. या यंत्राला बोलता येत नाही, एवढंच."

"नाना, तुमचं म्हणणं बरोबर आहे," असे म्हणून मी माघार घेतली. फाळका दोराने बांधून घेतला, १५ पोती सुमारे दीड मीटर मागे सरकविली आणि ट्रॉली त्याच चढाने सावकाश वर गेली. माझा सल्ला खोटा नव्हता, पण तो दुसरा उपाय होता. पहिला उपाय नानांनी सांगितला.

हिशेब करून पाहू

नानांचे म्हणणे आकड्यांत मांडता येते. समजा, ट्रॉलीचा आख हुकापासून ३ मीटर मागे आहे आणि मालाचे वजन ३,००० किलो आहे. मालाचा मध्य आखाच्या जितका पुढे, तितका भार हुकावर येतो. मालाच्या वजनास त्या अंतराने गुणून हुक व आख यांमधील अंतराने भागले म्हणजे हा भार मिळतो.

मालाचा मध्य आखाच्या ४० सेंटिमीटर पुढे असेल, तर हुकावर ४०० किलो भार येईल. तो ८० सेंटिमीटर पुढे गेला, तर भार दुप्पट म्हणजे ८०० किलो होईल. आणि तो आखाच्या २० सेंटिमीटर मागे गेला, तर हुकावर भार येण्याऐवजी हुक २०० किलोच्या जोराने वर उचलला जाईल. ही झाली उलाळ ट्रॉली.

आता ट्रॅक्टरकडे पाहू. समजा, त्याचे वजन २,००० किलो असून त्यापैकी ७६० किलो पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २ मीटर आणि हुक मागच्या आखाच्या ६० सेंटिमीटर मागे आहे. हुकावरचा भार मागच्या आखाच्याही मागे असल्याने तराजूच्या दांडीप्रमाणे तो पुढची चाके उचलू पाहतो. ४०० किलोमुळे पुढचा भार १२० किलोने कमी होतो. ८०० किलोमुळे २४० किलोने.

दहास एक असा चढ लागला, की आणखी दोन कारणे येऊन मिळतात. ट्रॅक्टर स्वतः मागे कलल्याने पुढचा भार सुमारे ८० किलोने घटतो. शिवाय ट्रॉली ओढण्याचा ताण हुकावर पडतो. हुक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर असेल, तर या ताणाने सुमारे १२० किलो कमी होतात. तोच हुक ८० सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे २१० किलो.

यावरून तीन चित्रे तयार होतात. माल नीट भरलेला व हुक खाली असेल, तर चढावर पुढच्या चाकांवर सुमारे ४४० किलो उरतात. माल पुढे व हुक खाली असेल, तर ३२० किलो उरतात. माल पुढे आणि हुकही उंच असेल, तर अवघे २३० किलो उरतात. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या उदाहरणात हा हिस्सा ४०० किलो होतो. म्हणजे पहिले चित्र सोडून बाकीची दोन्ही धोक्याची आहेत. अशा स्थितीत एखादा खड्डा लागला किंवा क्लच झटक्याने सोडला, तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

ट्रॉली हेलकावे का घेते ?

माल मागे गेल्याने होणारा अपाय निराळा आहे. हुकावरचा भार कमी झाला, की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉलीचे शेपूट डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागते. वेग जितका जास्त, तितके हे झोके लवकर वाढतात. पिनेपेक्षा कडीचे भोक मोठे असेल, टायरमधील हवा दोन्ही बाजूंस सारखी नसेल किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असेल, तर ते अधिक बळावतात. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते, तेव्हा हे सर्व दोष एकदमच उघड होतात.

थोडक्यात, हुकावर भार फार असू नये आणि अगदी कमीही असू नये. दोन चाकांच्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका भार हुकावर असावा. मात्र ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेली मर्यादा याहून कमी असेल, तर तीच पाळावी.

परदेशातील जोड

आता तरुण शेतकऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत मोटारीच्या किंवा पिकअप गाडीच्या मागे राहण्याच्या सोयीची चाकांवरची खोली जोडून सहकुटुंब प्रवास करण्याची चाल आहे. अशा ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडावर यावा, असा तिकडचा दंडक आहे. या भाराने गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दबतात, पुढचे अंग वर उचलले जाते आणि सुकाणू हलके होते.

यावर उपाय म्हणून जोडाच्या डोक्यात स्प्रिंगच्या पोलादाचे दोन दांडे बसवितात. हे दांडे ट्रेलरच्या त्रिकोणी दांडीखालून मागे जातात व त्यांची टोके साखळीने वर ताणून बांधतात. कोणी गाडीच्या मागे दोन लांब दांडे अडकवून ते वर उचलून धरावेत, तसाच याचा परिणाम होतो. मागच्या चाकांवर साचलेल्या भारापैकी काही भाग गाडीच्या पुढच्या चाकांवर व काही ट्रेलरच्या आखावर जातो. हेलकावे रोखण्यासाठी याच जोडास घर्षणाची एक पट्टी जोडतात. दोन घर्षणपट्ट्यांमध्ये ती घट्ट आवळलेली असते आणि ट्रेलर आडवा हलू लागला म्हणजे त्यास अटकाव करते.

असा जोड निवडताना तिकडे जे नियम पाळतात, ते आपणासही बोधप्रद आहेत. प्रथम ट्रेलर प्रत्यक्ष माल भरून तोलतात आणि जोडावरचा भारही तोलतात. अंदाजावर विसंबत नाहीत. या भारात गाडीच्या मागच्या आखामागे ठेवलेल्या सामानाचे वजनही धरतात. त्या भारास साजेसे दांडे निवडतात, कारण दुबळे दांडे निरुपयोगी ठरतात व फाजील ताठ दांडे गाडीस व ट्रेलरच्या सांगाड्यास हिसके देतात. हुक, गोळा, दांडे आणि गाडी यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची क्षमता मानतात. घर्षणाच्या पट्टीला तेल, ग्रीस किंवा रंग लागू देत नाहीत, कारण मग घर्षणच उरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, जोड बसविल्याने गाडीची ओढण्याची मर्यादा वाढत नाही, तसेच चुकीचा भरलेला माल बरोबरही होत नाही.

हे जोड गोळ्याच्या जोडणीसाठी व ठरावीक आकाराच्या दांडीसाठी बनविलेले असतात. ट्रॅक्टरच्या हुक-पिनेवर ते बसत नाहीत. पाहून पाहून तसे दांडे वेल्डिंगने जोडून घेण्याचा प्रयोग कोणीही करू नये. ताणलेला पोलादी दांडा तुटून उडाला, तर तो जीवघेणा ठरतो. आपल्या ट्रॅक्टरसाठी याहून साधे, स्वस्त आणि तितकेच परिणामकारक उपाय उपलब्ध आहेत.

आपला हुक कसा निवडावा ?

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याच्या तीन जागा सामान्यपणे वापरल्या जातात. पहिली म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे येणारा सखल ड्रॉबार. दुसरी म्हणजे सांगाड्यास बोल्टने पक्का केलेला ट्रॉलीचा हुक. तिसरी म्हणजे अवजारे उचलण्याच्या दोन खालच्या दांड्यांमध्ये बसविलेली भोकांची आडवी पट्टी.

दोन चाकांच्या ट्रॉलीसाठी कारखान्याने बसविलेला पक्का हुक निवडावा. तो मागच्या आखाच्या जितका जवळ व जमिनीस जितका सखल, तितका चांगला. चार चाकांच्या ट्रॉलीचा भार हुकावर जवळजवळ येतच नाही, केवळ ओढ येते. तिच्यासाठी सखल ड्रॉबारही चालतो. भोकांची आडवी पट्टी मात्र शेतातील अवजारांसाठी आहे. उचलण्याच्या दांड्या वरखाली होतात व आडव्याही हलतात, म्हणून भरलेली ट्रॉली रस्त्याने नेण्यासाठी ती वापरू नये. वरच्या तिसऱ्या दांडीच्या जागी तर ट्रॉली कधीही जोडू नये.

ट्रॉलीची दांडी उंच आहे म्हणून ट्रॅक्टरचा हुक वर नेणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याऐवजी ट्रॉलीची दांडी वाकवून किंवा बदलून खाली आणून घ्यावी. पीन कडीच्या भोकास साजेशा जाडीची व कडक पोलादाची असावी, तिच्या टोकास लॉक पीन असावी. बोल्ट, सळई अथवा पहारीचा तुकडा पीन म्हणून वापरू नये. हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींस ओलांडून बांधाव्यात, म्हणजे पीन निसटली तरी दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांवर झेलली जाते.

एवढे करूनही पुढची चाके हलकी भासली, तरच ट्रॅक्टरच्या पुढे वजने लावावीत. आपल्या उदाहरणातील ट्रॅक्टरच्या पुढच्या आखापुढे अर्ध्या मीटरवर १०० किलो लावले, तर पुढच्या चाकांवर १२५ किलो भार वाढतो. वजने पुढच्या आखाच्याही पुढे असल्याने हा लाभ मिळतो.

वजनकाट्यावर करावयाची तपासणी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी साखर कारखान्याच्या अथवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर शेतकऱ्यांना पुढील प्रात्यक्षिक दाखवावे. यास वेगळे साधन लागत नाही. मात्र काट्याभोवतीची जागा काट्याच्या पातळीत असावी.

प्रथम ट्रॉली सोडून केवळ ट्रॅक्टर तोलावा. नंतर भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चारही चाके काट्यावर घ्यावीत व ट्रॉलीची चाके काट्याबाहेर ठेवावीत. दोन्ही वजनांतील फरक हाच हुकावरचा भार होय. पहिले वजन २,००० किलो व दुसरे २,४०० किलो भरले, तर हुकावर ४०० किलो आहेत. दुसरे वजन पहिल्यापेक्षा कमी भरले, तर ट्रॉली उलाळ आहे असे समजावे आणि माल पुढे घ्यावा. शेवटी केवळ पुढची चाके काट्यावर घेऊन त्यांवरचा भार पाहावा. तो सपाट जागीच ट्रॅक्टरच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असेल, तर चढावर काय होईल हे शेतकऱ्यास आकडा पाहून आपोआप उमगेल.

त्याच वेळी ट्रॉलीचे एकूण वजनही पाहून घ्यावे. नोंदणी पुस्तकातील मर्यादेपेक्षा अधिक वजन नेण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ अन्वये मनाई आहे. ही मनाई केवळ दंडाची बाब नसून आपल्या जिवाशी तिचा संबंध आहे.

रस्त्यावर पाळावयाचे नियम

१. रस्त्यावर निघण्यापूर्वी डाव्या व उजव्या ब्रेकचे पायटे एकत्र अडकवावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्यावर चालून येते.

२. जड माल खाली व हलका माल वर रचावा. फाळका मोडला असेल, तर तो दुरुस्त केल्यावाचून माल भरू नये.

३. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचविण्याचा मोह टाळावा.

४. ट्रॉली हेलकावे घेऊ लागल्यास जोराने ब्रेक दाबू नये व सुकाणू इकडेतिकडे फिरवू नये. ते सरळ धरून वेग हळूहळू कमी करावा आणि गाडी थांबवून माल तपासावा.

५. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या जातात. तेव्हा जड ट्रॉली ट्रॅक्टरलगत व हलकी मागे ठेवावी. शेवटच्या ट्रॉलीचे हेलकावे सर्वांत मोठे असतात.

६. चढावर चाके रुतल्यास क्लच झटक्याने सोडू नये. माल उतरवावा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरचे साहाय्य घ्यावे.

७. मडगार्डवर, हुकावर अथवा दांडीवर कोणासही बसू देऊ नये. मुलांस तर मुळीच नाही.

८. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या व दिवा असावा, म्हणजे रात्री मागून येणाऱ्या वाहनास ट्रॉली दुरून दिसेल.

उपसंहार

तरुण शेतकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर यावरून स्पष्ट होते. आधी माल योग्य जागी भरावा, मग हुक सखल व पक्का करावा, आणि नंतरच अधिक साधनांचा विचार करावा. हा क्रम अमेरिकेतील प्रवासी ट्रेलरला जितका लागू आहे, तितकाच आपल्या कांद्याच्या ट्रॉलीलाही लागू आहे.

त्या गावी मी पुढच्या हंगामात पुन्हा गेलो, तेव्हा ट्रॉलीला नवा फाळका बसलेला होता आणि हुक मूळ जागी आलेला होता. साटीच्या कडेला आतून पांढऱ्या रंगाची एक उभी रेघ ओढलेली दिसली. "ही कसली?" असे विचारता तो तरुण म्हणाला, "आख इथं आहे, साहेब. पोती रचणाऱ्या माणसांना कळावं म्हणून नानांनी ओढायला लावली." एवढीशी ती रेघ, तिला खर्च काहीच आला नाही. आपल्याही ट्रॉलीवर ती आजच ओढून घ्यावी, अशी सर्व शेतकरी बंधूंना आग्रहाची विनंती आहे.